दहा हजारांत एक: हा हिशेब कुणाचा?

दरवर्षी 17 एप्रिल, म्हणजे जागतिक हिमोफिलिया दिन, जवळ आला की आरोग्य पुरवण्यांमध्ये एक वाक्य हमखास उगवतं: 'हिमोफिलिया हा दुर्मीळ आनुवंशिक आजार असून दर दहा हजार लोकांमागे एकाला तो असतो.' सोबत राणी व्हिक्टोरियाच्या घराण्याचा उल्लेख आणि 'जरासं खरचटलं तरी रक्त थांबत नाही' हा इशारा. दुसऱ्या दिवशी विषय मिटतो. चाळीस हजार वस्तीच्या गावात चार रुग्ण, असा मनातल्या मनात हिशेब होतो आणि आपल्या ओळखीत तर असं कुणी नाही, म्हणून वाचणारा पान उलटतो.

गंमत अशी की आकडा चुकीचा नाही. उथळ आहे ते त्याचं वाचन. तो फक्त हिमोफिलियाचा आहे, रक्तस्रावाच्या सगळ्या आनुवंशिक आजारांचा नाही. तो ज्या देशांत उपचार मिळतात तिथल्या जिवंत माणसांचा आहे. आणि तो बहुतांशी पुरुषांचा आहे. एखाद्या राष्ट्रात हे आजार किती, या प्रश्नाचं उत्तर म्हणून आपण जो आकडा पुढे करतो, तो रक्ताबद्दल थोडं आणि त्या राष्ट्राच्या नजरेबद्दल पुष्कळ सांगतो. म्हणून रुग्णांच्या यादीची बेरीज पाहून काही कळत नाही. त्या यादीच्या पोटात कोण कुणाच्या तुलनेत किती आहे, हे पाहावं लागतं. तसं पाहिलं तर भारतात हे आजार 'कमी' आहेत या समजुतीचा पायाच ढासळतो. ही मांडणी टप्प्याटप्प्याने तपासू.

1. अपेक्षित आकडा कुठून येतो

हिमोफिलियाचे मुख्य प्रकार दोन. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी आठवा घटक कमी असेल तर 'ए', नववा कमी असेल तर 'बी'. दवाखान्यात सगळे त्यांना 'फॅक्टर आठ', 'फॅक्टर नऊ' असंच म्हणतात. दोन्हींची जनुकं एक्स गुणसूत्रावर. पुरुषाकडे एक्स एकच, त्यामुळे दोष आला की आजार आलाच. स्त्रीकडे दोन, म्हणून ती बहुधा वाहक.

2019 साली अल्फोन्सो इओरिओ आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, ब्रिटन, फ्रान्स आणि इटली या सहा देशांच्या राष्ट्रीय नोंदवह्या एकत्र करून हिशेब मांडला. दर एक लाख पुरुषांमागे हिमोफिलिया 'ए'चे 17.1 आणि 'बी'चे 3.8 रुग्ण, म्हणजे मिळून सुमारे 21. त्यातले गंभीर, म्हणजे ज्यांच्या रक्तात तो घटक एक टक्क्याहूनही कमी असतो असे, सुमारे सात. या दराने जगात सव्वाअकरा लाख रुग्ण असायला हवेत. तोवर सगळीकडे चार लाख हा आकडा फिरत होता. एका शोधनिबंधाने जगात सात लाख रुग्ण वाढले असं अर्थातच नव्हे. ते होतेच, फक्त कुणाच्या वहीत नव्हते.

सहा देशांचा दर भारताला का लावायचा, असं कुणी विचारेल. आपलं रक्त वेगळं नसेल कशावरून? हिमोफिलियाच्या बाबतीत ही शंका टिकत नाही, आणि तिचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. या आजाराचे सुमारे एक तृतीयांश रुग्ण असे असतात की घराण्यात आधी कुणालाच काही नव्हतं. जनुकातला बदल त्या मुलात किंवा त्याच्या आईत नव्याने घडलेला असतो. व्हिक्टोरियाच्या पूर्वजांतही या आजाराचा पत्ता लागत नाही. तिच्या वंशातला हिमोफिलिया 'बी' प्रकारचा होता, हे रशियाच्या शेवटच्या झारच्या कुटुंबाच्या अवशेषांवरून 2009 साली सिद्ध झालं. असे नवे बदल पॅरिस आणि परभणी असा भेद करत नाहीत. जुने रुग्ण अपत्य न होता वारले तरी नवे जन्मत राहतात. त्यामुळे जन्माच्या वेळचं प्रमाण जगभर जवळपास सारखंच राहतं.

आता गुणाकार करून बघा. भारतात पुरुष सत्तर कोटींच्या वर. लाखामागे 21 धरले तर दीड लाखाच्या आसपास रुग्ण. 'दहा हजारांत एक'ही तेवढ्यावरच येऊन थांबतं. आणि हिमोफिलिया फेडरेशन ऑफ इंडिया या 1983 पासून रुग्णांनीच उभ्या केलेल्या संघटनेच्या यादीतली नावं? वीस-पंचवीस हजारांच्या घरात.

2. उरलेले गेले कुठे

इथे बहुतेक लेख 'लाखाहून अधिक रुग्ण अज्ञात' असं म्हणून पुढे सरकतात. तेही उथळच. कारण दीड लाखातून पंचवीस हजार वजा केले की जे उरतात, ते सगळे आपल्यात वावरत आहेत असं गृहीत धरलं जातं. त्यातले कितीतरी वावरत नाहीत. ते वारले.

इओरिओंच्याच हिशेबात आणखी एक आकडा आहे, तो फारसा उद्धृत होत नाही. हिमोफिलिया 'ए'चं हयात लोकांतलं प्रमाण लाखात 17.1, पण जन्माच्या वेळचं प्रमाण लाखात 24.6. मधली साडेसातांची दरी म्हणजे अकाली मृत्यू. ही दरी श्रीमंत देशांतली आहे, हे विसरू नये. ब्रिटनमध्ये 1970-80च्या दशकांत उपचार म्हणून दिलेल्या दूषित रक्तघटकांमधून रक्तस्रावाच्या सुमारे 1,250 रुग्णांना एचआयव्हीची लागण झाली. त्यांत 380च्या आसपास मुलं होती, आणि लागण झालेल्यांपैकी बहुसंख्य गेले. सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशी अहवालाने मे 2024 मध्ये त्याची जबाबदारी निश्चित केली. नोंद उत्तम आणि उपचार मोफत असलेल्या देशात ही दरी, तर जिथे फॅक्टरची बाटली पाहायला मिळत नाही तिथली किती असेल?

भारतात वर्षाला साधारण सव्वा कोटी मुलगे जन्मतात. दोन्ही प्रकार मिळून जन्माचं प्रमाण लाखात सुमारे तीस, म्हणजे दरवर्षी साडेतीन हजारांहून अधिक मुलगे. दिवसाला दहा. त्यांपैकी तीन-चार गंभीर प्रकारचे. नाळेतून किंवा पडल्यावर डोक्यात झालेल्या रक्तस्रावाने असं मूल दगावलं, तर मृत्यूच्या दाखल्यावर 'हिमोफिलिया' हा शब्द येत नाही. ज्याचं निदान झालं नाही, त्याचा मृत्यूही त्या आजाराच्या खात्यावर पडत नाही.

यातून उलटं वाटणारं एक सत्य निघतं: ज्या देशात हिमोफिलियाचं प्रमाण वाढतंय, तिथे बहुधा उपचार सुधारत आहेत. रुग्ण तपासले जातात, जगतात, म्हातारे होतात, म्हणून मोजले जातात. आकडा कमी असण्यात समाधान मानणं म्हणजे वर्गात मुलं कमी दिसली म्हणून निकाल चांगला लागेल असं समजण्यासारखं आहे. मुलं गैरहजर का, हे आधी विचारायला हवं.

3. यादीच्या पोटात: गंभीर आणि सौम्य

वारलेले आणि न सापडलेले यांचा वेगळा अंदाज करायचा तर यादीतली गुणोत्तरं पाहावी लागतात. पहिलं गुणोत्तर तीव्रतेचं.

सहा देशांच्या नोंदींत गंभीर रुग्ण एकूण रुग्णांच्या साधारण एक तृतीयांश. मध्यम म्हणजे घटक एक ते पाच टक्के आणि सौम्य म्हणजे पाच ते चाळीस टक्के असलेले मिळून दोन तृतीयांश. जिथे निदानाच्या सोयी तोकड्या असतात तिथल्या यादीत हे पारडं उलटं झुकतं, गंभीर रुग्णच ठळक दिसतात. तसं होण्यामागे जनुकांचं काही कारण नाही. गंभीर रुग्ण स्वतःच दवाखान्याचं दार ठोठावतो, सौम्य ठोठावत नाही, इतकाच फरक.

गंभीर रुग्ण कसा दिसतो, याबद्दलही गैरसमज आहेत. खरचटल्यावर तो रक्ताच्या थारोळ्यात पडत नाही. त्याच्या बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट्स, शाबूत असतात आणि बारीकसारीक जखम त्या बुजवतात. खरा घात आत होतो. पाच-सहा वर्षांचा मुलगा सकाळी उठून म्हणतो, गुडघ्यात मुंग्या आल्यासारखं वाटतंय. दुपारी गुडघा गरम लागतो. रात्रीपर्यंत तो नारळाएवढा होतो आणि पोर पाय दुमडून धरतं, सरळ करू देत नाही. पडल्याचं कुणाला आठवत नाही. घरातले मुका मार समजून हळदीचा लेप लावतात, कुणी चोळून देतं, आणि चोळल्याने आतला स्राव वाढतो. चार-पाच वेळा असं झालं की सांध्याचं अस्तर सुजून जाड होतं. मग त्याच सांध्यात पुन्हा पुन्हा रक्त उतरतं. पंधराव्या वर्षी गुडघा वाकलेला तो वाकलेलाच.

सौम्य रुग्णाला यातलं काहीच होत नाही. तो क्रिकेट खेळतो, नोकरी करतो, लग्न करतो. तिसाव्या वर्षी अक्कलदाढ काढतो आणि दुसऱ्या रात्री उशी रक्ताने भिजते. दंतवैद्य टाके घालतो, रक्त कसंबसं थांबतं, विषय संपतो. पुढे अपघातात किंवा शस्त्रक्रियेत तोच दोष जिवावर बेततो. त्याआधी एपीटीटी ही रक्त गोठण्याची साधी चाचणी झाली असती तर, असं म्हणावं, पण सौम्य प्रकारात तीही कधी कधी नॉर्मल येते. त्यामुळे 'आधी कधी दात काढल्यावर, टाके घातल्यावर रक्त लांबलं होतं का? मामाला असं काही होतं का?' हे दोन प्रश्न रिपोर्टाहून मोलाचे. विशेषतः मामाचा. एक्सवरचा दोष आईकडून येतो, म्हणून कुटुंबात हा आजार मामा-भाच्याच्या जोडीने दिसतो.

4. व्हॉन विलेब्रँड: एक आजार, तीन उत्तरं

दुसरं गुणोत्तर अधिक बोलकं आहे.

1924 साली बाल्टिक समुद्रातल्या ऑलँड द्वीपसमूहातली पाच वर्षांची ह्योर्डिस नावाची मुलगी हेलसिंकीत डॉक्टर एरिक फॉन विलेब्रँड यांच्याकडे आली. तिच्या बहिणींपैकी काही रक्तस्रावाने आधीच दगावल्या होत्या. मुलींनाही होणारा हा आजार हिमोफिलिया नव्हे, हे त्यांनी ओळखलं आणि 1926 साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. ह्योर्डिस तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीतल्या रक्तस्रावाने गेली. नावातल्या 'फॉन'चा आपल्याकडे इंग्रजी वळणाने 'व्हॉन' झाला आणि तोच रुळला. या आजाराचं जनुक एक्सवर नाही, त्यामुळे तो मुलगा-मुलगी पाहत नाही.

हा आजार किती जणांना असतो? उत्तर इटलीत 1980च्या दशकात फ्रान्चेस्को रोडेगिएरो यांनी 1,218 शाळकरी मुलं तपासली. प्रमाण 0.82 टक्के आलं, म्हणजे जवळपास शंभरात एक. कॅनडातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, रक्तस्रावाची तक्रार असलेल्यांवरून 2010 मध्ये काढलेला अंदाज हजारात एक. आणि मोठ्या रुग्णालयांकडे पाठवलेल्या रुग्णांवरून काढलं तर दहा हजारात एकाच्या आसपास.

शंभर, हजार, दहा हजार. आजार तोच, जनुकंही तीच. बदलली ती मोजणाऱ्याची उभं राहण्याची जागा. शाळेच्या दारात उभं राहिलं तर एक उत्तर, मोठ्या रुग्णालयाच्या दारात दुसरं. 'अमुक देशात प्रमाण किती' या प्रश्नात कुणाच्या दारात उभं राहून मोजलं हा उपप्रश्न लपलेला असतो. तो न विचारता दिलेला आकडा अर्धाच.

म्हणूनच कोणत्याही देशाच्या यादीत व्हॉन विलेब्रँडचे रुग्ण हिमोफिलियाच्या तुलनेत किती, हे पाहणं उद्बोधक ठरतं. ब्रिटनच्या राष्ट्रीय नोंदवहीत हा आजार सर्वांत मोठ्या गटांपैकी एक झाला आहे. भारताच्या यादीत तो हिमोफिलियाच्या कितीतरी पटींनी कमी, शेपटासारखा मागे लोंबणारा. त्यातही भारतीय रुग्णालयांतून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत तिसरा, म्हणजे सर्वांत गंभीर प्रकार मोठ्या प्रमाणात भेटतो. एरवी जगभर तो अगदी विरळा. म्हणजे हिमनगाचं टोक तेवढं मोजून आपण बर्फ कमी असल्याचं जाहीर करतो आहोत. नात्यातल्या लग्नांमुळे तिसरा प्रकार इथे खरोखरच काहीसा जास्त असेल, पण पहिला, म्हणजे सौम्य प्रकार जवळपास नाहीसा होण्याचं ते कारण होऊ शकत नाही.

5. न मोजलेल्या बायका

तिसरं गुणोत्तर बायका आणि पुरुषांचं. ते सर्वांत लंगडं आहे.

पुरुषाच्या शरीरात रक्त गोठण्याची परीक्षा अपघाताने होते, बाईच्या शरीरात ती दर महिन्याला. तरीही यादीत पुरुष जास्त. 1998 साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात अतिरजःस्रावाची तक्रार घेऊन आलेल्या 150 स्त्रियांची तपासणी झाली. 17 टक्के स्त्रियांमध्ये आनुवंशिक रक्तस्रावी आजार निघाला, 13 टक्क्यांमध्ये व्हॉन विलेब्रँड. साध्या शब्दांत, 'अंगावरून फार जातं' म्हणणाऱ्या सहा जणींत एक.

आपल्याकडे ही तक्रार आजार म्हणून नोंदलीच जात नाही. आईला असंच जायचं, मावशीला असंच जायचं, मग लेकीला जाणारच. घराण्याची ही खूण निदानाला उपयोगी पडायची, तीच इथे समाधानाची ठरते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोहाच्या गोळ्या वाटल्या जातात, आणि त्या हव्यातच. पण हौदाला खालून भोक असेल तर वरून किती ओतणार? रक्तक्षयाचं मुख्य कारण आहार आणि दारिद्र्य हेच, यात वाद नाही. प्रश्न त्या छोट्या हिश्श्याचा आहे, ज्याचा देशाच्या लोकसंख्येशी गुणाकार केला की तो छोटा राहत नाही.

पुढची पायरी म्हणजे 'पिशवी काढणं'. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना कारण विचारलं गेलं, तेव्हा निम्म्याहून अधिक जणींनी पाळीतला अतिरक्तस्राव किंवा वेदना हे कारण सांगितलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला. तो मजुरीचा, दंडाचा, दलालीचा प्रश्न होता. त्याला रक्ताच्या आजाराचं लेबल चिकटवणं अन्याय होईल. पण पिशवी काढण्यापूर्वी रक्त गोठण्याचा इतिहास विचारण्याची रीत खेड्यात काय, शहरातल्या नर्सिंग होममध्येही अभावानेच दिसते. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या स्वस्त गोळ्यांवर किंवा हार्मोनच्या उपचारांवर भागलं असतं अशा किती जणी टेबलावर गेल्या, हे कळण्याची सोय आपण ठेवलेली नाही.

हिमोफिलियाच्या 'वाहक' स्त्रियांचंही तेच. वाहक म्हणजे निरोगी, असा समज डॉक्टरांतही होता. प्रत्यक्षात अनेक वाहक स्त्रियांत घटकाची पातळी चाळीस टक्क्यांखाली असते. पुरुषात ती असती तर त्याला सौम्य रुग्ण म्हटलं असतं. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने 2021 मध्ये या स्त्रियांना सरळ 'हिमोफिलियाग्रस्त' म्हणायचं ठरवलं. महाराष्ट्रापुरती आणखी एक बाब. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे रूढ आहे. मामाला हिमोफिलिया असेल तर त्याची प्रत्येक मुलगी वाहक असणार, आणि त्याच्या बहिणीचा मुलगाही रुग्ण असू शकतो. त्या दोघांचं लग्न लागलं, तर त्यांच्या मुलींपैकी निम्म्या खऱ्याखुऱ्या रुग्ण होण्याची शक्यता. पाठ्यपुस्तकात 'मुलींमध्ये अपवादात्मक' म्हणून सोडलेली ओळ इथल्या सोयरिकीत अपवाद राहत नाही.

6. सरासरी जिथे हरते

हिमोफिलिया जगभर सारखा पसरलेला, पण दुर्मिळातले दुर्मीळ आजार तसे नाहीत. तेराव्या घटकाची कमतरता जगात वीस लाखांत एकाला धरतात. इराणच्या आग्नेयेकडल्या सिस्तान-बलुचिस्तान प्रांतात ती इतकी एकवटली आहे की तिथे तो गावोगावचा आजार आहे. अकराव्या घटकाचा दोष अश्केनाझी ज्यू समाजात सर्रास. 1918 मध्ये स्वित्झर्लंडच्या ग्लान्झमान यांनी वर्णन केलेला प्लेटलेट्सचा आजार नात्यात लग्न करणाऱ्या समाजांत वारंवार भेटतो. यांपैकी बहुतेक आजारांना आई आणि वडील दोघांकडून दोष यावा लागतो. तमिळनाडू आणि कर्नाटकात चौथ्या हिश्श्याहून अधिक स्त्रियांची लग्नं रक्ताच्या नात्यात झालेली आहेत. तिथे राष्ट्रीय सरासरी लावणं म्हणजे कोकणचा पाऊस आणि माणचा पाऊस एकत्र करून भागिले दोन करणं.

तेराव्या घटकाच्या बाबतीत तर प्रयोगशाळाच चकवते. नाळ गळताना रक्त थांबत नाही, पुढे मेंदूत स्रावाचा धोका, पण नेहमीच्या सगळ्या चाचण्या नॉर्मल. रक्ताची गाठ युरियात विरघळते का, ही वेगळी चाचणी करावी लागते. करणाऱ्याला ती सुचायला मात्र हवी.

7. आक्षेप तीन, आणि त्यांची किंमत

पहिला आक्षेप वजनदार आहे: सौम्य माणसांना शोधून रुग्ण बनवायचं कशाला? व्हॉन विलेब्रँडचं 'शंभरात एक' हे फुगवलेलं आहे, असं अनेक तज्ज्ञ मानतात. ते बरोबरही आहे. 'ओ' रक्तगटाच्या माणसांत या आजारात कमी पडणारं प्रथिन मुळातच पंचवीस टक्क्यांच्या आसपास कमी असतं. त्यांच्यावर आजाराचा शिक्का मारणं चूकच. म्हणून 2021च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी रेघ ओढली: पातळी तीस टक्क्यांखाली असेल तर आजार, तीस ते पन्नासच्या दरम्यान असेल तर प्रत्यक्ष रक्तस्रावाचा इतिहास हवा. आक्षेपाचा हा भाग मान्य करूनही हजारात एक उरतोच. तो आकडा 'दुर्मीळ' या शब्दात बसत नाही.

दुसरा: क्षयरोग, कुपोषण, डेंग्यू असताना ही चैन का? चैन सगळ्यांची तपासणी करण्यात झाली असती, तशी मागणी इथे नाहीच. सिकलसेलसाठी देशाने 2023 मध्ये मोहीम उभारली, सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं, कारण तो विशिष्ट समाजांत एकवटलेला आहे आणि एका थेंबावर कळतो. रक्तस्रावी आजार विखुरलेले. त्यांना शोधण्याची जागा म्हणजे जिथे माणूस आधीच पोचलेला आहे ती: दंतवैद्याची खुर्ची, स्त्रीरोगतज्ज्ञाची ओपीडी, शस्त्रक्रियेपूर्वीचा फॉर्म. मुंबईत परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेने हिमोफिलिया 'ए' आणि व्हॉन विलेब्रँडसाठी झटपट चाचणीचा संचही तयार केला आहे.

तिसरा आक्षेप कुटुंबातून येतो आणि तो कुठल्याही अहवालात नसतो. नाव यादीत गेलं की मुलीचं लग्न अडतं. ही भीती खोटी नाही, आणि 'समाजात जागृती व्हावी' असल्या वाक्याने ती जात नाही. नाव नोंदवण्याच्या बदल्यात काय मिळतं, हे दिसलं तर जाते. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश झाला, पण सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणाच्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. औषधाचंही तसंच: जागतिक सर्वेक्षणांत आठव्या घटकाचा वापर दरडोई मोजतात आणि जगण्यापुरता किमान एक युनिट धरतात. भारत अजून त्याखालीच आहे. हातात प्रमाणपत्र असून फ्रीजमध्ये फॅक्टर नसेल तर बाप मुलीचं नाव का लिहून देईल?

8. मग मोजायचं काय

विरोधाभास पाहा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हिमोफिलिया 'ए'च्या पाच रुग्णांवर केलेल्या जनुकीय उपचारांचे निकाल 2024च्या डिसेंबरात जगातल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, आणि उपचारानंतर त्या पाचांना रक्तस्राव झाला नाही. आणि त्याच देशात तालुक्याच्या प्रयोगशाळेत एपीटीटीचा नमुना चुकीचा निघतो, कारण निळ्या झाकणाची नळी रेघेपर्यंत भरलेली नसते. त्या नळीत एक भाग सायट्रेट असतं, नऊ भाग रक्त लागतं. मुलाची शीर सापडत नाही म्हणून अर्धीच भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि चाचणी खोटीच लांबते. नमुना उन्हात एसटीतून जिल्ह्याला जायला पाच-सहा तास लागले तर आठवा घटक वाटेतच घटतो. व्हॉन विलेब्रँडच्या चाचणीत उलटा घोटाळा: रडणाऱ्या, घाबरलेल्या मुलात किंवा गरोदर बाईत पातळी चढते आणि आजार लपतो. पुन्हा तपासायला बोलावलं तर मजुरी बुडवून कोण येणार?

तेव्हा राज्यांनी 'एकूण रुग्ण' हा एकच रकाना भरून पाठवण्यापेक्षा चार गुणोत्तरं पाठवावीत: गंभीर विरुद्ध सौम्य, व्हॉन विलेब्रँड विरुद्ध हिमोफिलिया, स्त्रिया विरुद्ध पुरुष, आणि चाळिशीपुढचे विरुद्ध दहा वर्षांखालचे. चौथं गुणोत्तर सांगतं की सापडलेली मुलं पुढे जगली की नाही. यासाठी नवं खातं नको. जिल्हा रुग्णालयांतल्या हिमोफिलिया केंद्रांच्या वह्यांत हे सगळं आधीच लिहिलेलं असतं, कुणी बेरजेच्या पलीकडे पाहत नाही इतकंच.

गोव्यासारख्या लहान राज्यात हे एका दुपारचं काम आहे. 2011च्या जनगणनेत गोव्यात पुरुष सुमारे 7 लाख 39 हजार. सहा देशांच्या दराने तिथे हिमोफिलियाचे दीडशेच्या आसपास रुग्ण हवेत. त्यांतले पन्नासेक गंभीर, शंभरेक मध्यम आणि सौम्य. व्हॉन विलेब्रँडचा हजारात एक हा दर स्त्री-पुरुष मिळून 14 लाख 58 हजार लोकसंख्येला लावला तर आणखी साडेचौदाशे. यादी उघडून पाहावी. गंभीर रुग्ण पन्नासच्या जवळ असतील आणि सौम्य दहा-वीसच निघाले, तर सुटलेली माणसं मेलेली नाहीत, पणजी-मडगावच्या दंतवैद्यांकडे आणि प्रसूतिगृहांत ती येऊन गेलेली आहेत. गंभीरच वीस निघाले, तर प्रश्न वेगळा आणि जास्त अवघड. मग जुनी बालमृत्यूची रजिस्टरं काढून नाळेतून आणि डोक्यात रक्तस्राव होऊन दगावलेले मुलगे कोणत्या गावांतले, त्यांचे मामा कुठे राहतात, हे शोधत जावं लागेल.